हवाई बेटांचा गोड पाव : घरच्या ओव्हनमधील जोडधंदा

बेकरीच्या धंद्यातील आमचे बंधू अलीकडे भेटले की पाव-बिस्किटांच्या आधी भट्टीचा विषय काढतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकरीच्या भट्ट्या सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला. शहराची हवा सर्वांचीच आहे, त्यामुळे आदेशाच्या हेतूबद्दल कोणाचे दुमत नाही. पण जुनी भट्टी पाडून नवी बसवायला पैसा लागतो, जागा लागते, आणि तेवढे दिवस धंदा बंद ठेवावा लागतो. हे सर्वांना जमत नाही. आमच्या ओळखीचे एक उस्ताद अशाच एका बेकरीत तीस वर्षे पीठ मळत होते. मालकाने शटर ओढले आणि उस्ताद घरी बसले. "भाई, हात आहेत, भट्टी नाही," एवढेच ते आम्हाला म्हणाले.

त्यांच्या घरी सुनेने केक भाजण्यासाठी घेतलेला चाळीस लिटरचा विजेचा ओव्हन होता. त्यात पाव भाजता येत नाही असे नाही. पण पाव शेकड्याने विकला जातो, त्याचा भाव कमी आणि नफा पैशांत मोजायचा. एका वेळी सोळा पाव भाजून पावाचा धंदा होत नाही. या छोट्या ओव्हनमध्ये मध्यम आचेवर होणारा, नेहमीच्या पावापेक्षा जास्त भाव मिळणारा आणि गिऱ्हाईक आवडीने परत मागेल असा माल हवा होता. शोधता शोधता आम्ही हवाई बेटांच्या गोड पावापाशी येऊन थांबलो. पुढील काही आठवडे उस्तादांच्या घरी बसून आम्ही तो करून पाहिला. काय साधले आणि काय बिघडले, ते आमच्या वाचकांसाठी येथे देत आहोत.

पावाचे चुलत भावंड

हवाई हा पॅसिफिक महासागरातील बेटांचा समूह. १८९३ पर्यंत तेथे स्वतंत्र राजेशाही होती, १९५९ साली ती बेटे अमेरिकेचे राज्य झाली. एकोणिसाव्या शतकात तेथे उसाचे मोठमोठे मळे उभे राहिले आणि मजूर कमी पडू लागले. मजूर चीन व जपानमधून आले, तसेच पोर्तुगालच्या ताब्यातील मदेरा आणि अझोर्स बेटांवरूनही आले. १८७८ साली 'प्रिसिला' नावाचे जहाज मदेराहून पोर्तुगीज मजुरांची पहिली मोठी तुकडी घेऊन होनोलुलूला पोहोचले. कराराने बांधलेली ही गरीब माणसे. बरोबर आणायला फारसे काही नव्हते, पण हाताची कला होती. त्यांनी वस्तीत दगडाच्या घुमटाकार भट्ट्या बांधल्या. बायका पीठ मळून आणत आणि भट्टी पेटली की वस्तीचे पाव एकत्र भाजले जात. त्यात सणासुदीला केला जाणारा अंडी, दूध, लोणी आणि साखर घातलेला एक गोड पावही होता. उसाच्या मळ्यात साखरेला तोटा नव्हता. सणाचा हा पाव हळूहळू साऱ्या बेटांचा झाला.

आपल्या वाचकांना यात एक जवळचा धागा दिसेल. पोर्तुगीज भाषेत भाकरीला 'पांव' म्हणतात. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला, तेथून हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही आपल्याकडे आली. गोव्यात यीस्ट मिळत नसे, म्हणून तेथील पोदेर ताडीने पीठ फुगवीत. पुढे गोव्याचे बेकर मुंबईत आले, इराणी आले, उत्तर हिंदुस्थानातील कारागीर आले, आणि पाव महाराष्ट्राचा झाला. म्हणजे आपला लादी पाव आणि हवाईचा गोड पाव ही एकाच घराण्याची दोन भावंडे होत. दोन्ही एकमेकांना चिकटवून भाजतात, म्हणून दोहोंच्या बाजू मऊ राहतात आणि हाताने तोडता येतात. दूध-साखर-तुपाचे शीरमाल ज्याने केले आहे, त्यालाही हे पीठ परके वाटणार नाही.

शेजाऱ्याचा पाव, जपानी मुलाचा धंदा

हा पाव घराबाहेर कसा पडला, ही हकीकत प्रत्येक छोट्या कारागिराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हवाईतील हिलो गावात रॉबर्ट टायरा नावाचा मुलगा वाढला. त्याचे आईवडील जपानमधून आलेले. शेजारच्या पोर्तुगीज घरी होणारा गोड पाव त्याला आवडे, पण तो पाव गार झाला की दगडासारखा कडक होई. मोठेपणी टायरा बेकर झाले. १९५० साली त्यांनी हिलोमध्ये स्वतःची छोटी बेकरी काढली आणि तोच पाव कित्येक दिवस मऊ राहील अशी कृती बसवली. पुढे साठच्या दशकात त्यांनी होनोलुलू शहरात किंग स्ट्रीटवर बेकरी नेली आणि रस्त्याच्या नावावरून तिचे नाव 'किंग्ज बेकरी' पडले. १९७७ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे त्यांनी मोठा कारखाना काढला. आज अमेरिकेभर 'हवाईचा पाव' म्हणून जो ओळखला जातो, तो मुख्यतः याच बेकरीमुळे. टायरा २००३ साली वारले.

पाव पोर्तुगीजांचा होता, त्याची चव सर्वांना ठाऊक होती. टायरांनी त्यातील एकच अडचण सोडवली : पाव विकल्यानंतरही मऊ राहिला पाहिजे. घरी गरम गरम खायचा पाव कसाही चालतो. विकायचा पाव गिऱ्हाईकाच्या घरी, दुसऱ्या दिवशी सकाळी तोडला जातो. तेव्हा तो मऊ असेल तर गिऱ्हाईक पुन्हा येते. या धंद्याचे सारे मर्म येथे आहे, म्हणून पुढील सर्व माहिती आम्ही याच एका गोष्टीभोवती दिली आहे.

साहित्य

सोळा पावांच्या एका लादीसाठी : मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध १२० मिलिलिटर, अननसाचा रस १२० मिलिलिटर, साखर ८० ग्रॅम, मिठाविना लोणी ६० ग्रॅम, अंडी २, मीठ ८ ग्रॅम आणि इन्स्टंट ड्राय यीस्ट ८ ग्रॅम. ताजे दाबीव यीस्ट वापरायचे असेल तर अंदाजे २० ते २४ ग्रॅम लागते. वरून लावण्यासाठी थोडे दूध आणि थोडे लोणी वेगळे ठेवावे. साचा नऊ इंच बाय तेरा इंच घ्यावा.

उस्ताद आयुष्यभर मुठीने आणि डोळ्याने माप घेत आले. वजनकाटा पाहून पहिल्या दिवशी ते हसले. पण साध्या पावाच्या पिठात चार जिन्नस असतात, यात आठ आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामात हात घालतो. शिवाय पोत्याच्या हिशोबात पाच ग्रॅम यीस्ट काहीच नाही, अर्ध्या किलोत पाच ग्रॅम पुष्कळ असते. तिसऱ्या लादीनंतर काटा त्यांनी स्वतःच ओढून घेतला.

कोणता जिन्नस काय करतो, ते कारागिराला ठाऊक असावे. लोणी आणि अंड्याचा बलक पिठाला मऊपणा देतात आणि पाव लवकर वाळू देत नाहीत. साखर गोडी देते, शिवाय ओलावा धरून ठेवते. पण तीच साखर यीस्टच्या वाट्याचे पाणीही ओढून घेते. म्हणून हे पीठ साध्या पावापेक्षा सावकाश फुगते. घाई करणाऱ्याचा येथे टिकाव लागत नाही. जास्त साखरेच्या पिठासाठी वेगळे यीस्टही बाजारात मिळते. मोठ्या प्रमाणावर काम करायचे झाल्यास त्याची चौकशी करावी. दूध आधी उकळून मग कोमट केलेले घ्यावे, कारण कच्च्या दुधातील काही घटक पिठाची ताण सैल करतात. आपल्या घरी दूध उकळूनच ठेवतात, ती सवय येथे उपयोगी पडते.

अननसाने केलेला घोटाळा

अननसाचा रस मूळ पोर्तुगीज कृतीत नाही. हवाईत अननसाचे मळे झाले, त्या बेटांची ओळखच अननसाशी जोडली गेली, आणि घरगुती कृतींत हा रस शिरला. त्याने पावाला किंचित आंबट-गोड चव व सुवास येतो. आम्ही पहिल्याच दिवशी बाजारातून चांगला पिकलेला अननस आणला, रस काढला आणि गाळून थेट पिठात ओतला. अर्धा तास मळूनही पीठ हाताला ताण देईना. तासाभराने पाहिले तर पिठाची जवळजवळ पेज झालेली. उस्तादांनी बोट बुडवून पाहिले आणि म्हणाले, "याचा कणाच मोडलाय." अर्धा किलो मैदा, दोन अंडी आणि लोणी वाया गेले.

कारण नंतर ध्यानात आले. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचे पाचक द्रव्य असते. मांस मऊ करण्यासाठी आपण कच्ची पपई लावतो, तसेच काम ते करते. पिठाला ताण देणारा जो चिवट भाग असतो त्याचेच ते तुकडे करते. रस उकळला की हे द्रव्य मरते. तेव्हा ताजा रस चांगली उकळी आणून, पूर्ण गार करून मगच वापरावा. डबाबंद रस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो, मात्र त्यात साखर घातलेली असेल तर आपल्या मापातून थोडी साखर कमी करावी. रस नको असेल त्यांनी तेवढेच दूध घ्यावे. पाव उत्तमच होतो आणि तो मूळच्या पोर्तुगीज चवीच्या अधिक जवळ जातो. काही घरी उकडून कुस्करलेला एखादा बटाटाही घालतात. बटाटा पाणी धरून ठेवतो आणि पाव आणखी मऊ राहतो. तसे केल्यास दूध थोडे कमी घ्यावे.

कृती

मैदा, साखर, मीठ आणि यीस्ट परातीत एकत्र करावे. दूध, गार केलेला रस आणि फेटलेली अंडी घालून गोळा करावा. दोन चमचे दूध हातचे ठेवावे, कारण प्रत्येक गिरणीचा मैदा सारखे पाणी पीत नाही. लोणी एवढ्यात घालू नये. लोणी आधी घातले तर ते मैद्याच्या कणांवर बसते आणि पिठाला ताण यायला वेळ लागतो. आठ-दहा मिनिटे मळून पीठ थोडे सावरले की मऊ लोणी तीन-चार वेळा करून घालावे. लोणी घालताच पीठ फाटल्यासारखे, चिकट होते. येथे नवखा माणूस घाबरून कोरडा मैदा टाकतो. उस्तादांची सुनबाई हेच करू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "बेटी, पीठ रडत असेल तर रडू दे, थोड्या वेळाने आपोआप गप्प होईल," ते म्हणाले. खरेच, आणखी दहा मिनिटांत पीठ परात सोडू लागले आणि रेशमासारखे झाले.

पीठ तयार झाले की नाही, हे पाहण्याची साधी रीत आहे. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. न फाटता त्याचा पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला तर मळणे पुरे. लगेच फाटला तर आणखी मळावे. हाताने एकंदर वीस मिनिटे सहज लागतात.

मग तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून पीठ दुप्पट होऊ द्यावे. आपल्याकडच्या साधारण हवेत दीड ते दोन तास, उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ लागतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. नंतर हवा हलकेच काढून साठ-साठ ग्रॅमचे सोळा गोळे करावेत. कडा खाली ओढून वरचा भाग गुळगुळीत ताणलेला ठेवावा. लोणी लावलेल्या साच्यात चार-चारच्या ओळीत, मध्ये बोटभर जागा सोडून ठेवावेत आणि पुन्हा झाकावेत. तासाभरात, कधी सव्वा तासात, ते फुगून एकमेकांना चिकटतात. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर भाजायची वेळ झाली. खळगा लगेच उसळला तर थोडे थांबावे.

वरून दुधाचा हात फिरवून, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला २२ ते २५ मिनिटे भाजावे. पावाच्या भट्टीची कडक आच येथे चालत नाही. दूध, अंडी आणि साखर यांमुळे वरचा रंग लवकर येतो आणि आत कच्चे राहते. पंधरा मिनिटांनंतर रंग पुरेसा आला असेल तर वर ॲल्युमिनियमचा कागद सैल झाकावा. तापमापक असेल तर मधल्या पावाच्या पोटात ८८ ते ९० अंश यायला हवेत. बाहेर काढताच वरून लोणी फिरवावे. दहा मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवावे, नाहीतर तळाला घाम सुटतो.

सकाळची ऑर्डर असेल तर रात्रीच पीठ मळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येते. थंडीत ते सावकाश फुगते आणि चवही वाढते. सकाळी गोळे करावेत, मात्र ते गार असल्याने दुसऱ्या फुगण्याला जास्त वेळ धरावा.

काय बिघडते आणि का

पीठ फुगतच नाही : यीस्ट जुने आहे, किंवा दूध फार गरम होते. दूध बोटाला कोमट लागावे, चटका बसता कामा नये. पाव जड आणि घट्ट झाला : मळणे कमी पडले, वरून मैदा टाकला, किंवा दुसरे फुगणे पुरे झाले नाही. भाजल्यावर मध्ये बसला : फुगणे जास्त झाले किंवा आत कच्चा राहिला. यीस्टचा उग्र वास आला : लवकर फुगावे म्हणून यीस्ट वाढवले. आमची दुसरी लादी याच चुकीने गेली. वर करपला, आत ओला : आच जास्त होती किंवा साचा वरच्या दांडीजवळ ठेवला होता. विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये साचा मधल्या किंवा खालच्या खणात ठेवावा. प्रत्येक ओव्हनचा काटा खरे बोलतोच असे नाही. पहिल्या तीन-चार लाद्या ओव्हनचा स्वभाव ओळखण्यात जातील, त्या शिकण्याच्या खर्चात धराव्यात.

मऊपणा राखणे

पाव शिळा होतो तो केवळ सुकल्याने नव्हे. भाजताना मैद्यातील पिष्ट फुलते, आणि गार झाल्यावर ते पुन्हा घट्ट बसू लागते. ही क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत जलद होते. म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. पूर्ण गार झाल्यावर, आणि पूर्ण गार झाल्यावरच, हवाबंद पिशवीत भरून बाहेर ठेवावा. दोन दिवस तो छान मऊ राहतो. गरम भरला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बुरशी फार लवकर धरते, तेव्हा त्या दिवसांत तेवढ्याच ऑर्डरी घ्याव्यात ज्या त्याच दिवशी पोहोचतील. जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये, घट्ट बांधून ठेवावा. बाहेर काढून साध्या हवेत आणला आणि जरा गरम केला की तो पुन्हा मऊ होतो. ही सूचना छोट्या चिठ्ठीवर लिहून पिशवीबरोबर द्यावी. गिऱ्हाईकाने फ्रिजमध्ये ठेवून कडक केलेल्या पावाचा दोष शेवटी बेकरलाच लागतो.

जिन्नस पारखून घ्या

आपल्या घरी केलेला पाव आपण स्वतः आणलेल्या जिन्नसांचा असतो, हाच त्याचा मोठा भरवसा. पण बाजारचे तयार मिश्रण, सुवास किंवा मार्जरिन वापरायचे असेल तर वेष्टनावरचा मजकूर वाचावा. व्हॅनिलाचा अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. क्रमांक ४७१ चे द्रव्य वनस्पती किंवा प्राणी, दोन्हींच्या चरबीपासून बनू शकते. ९२० क्रमांकाचे, पीठ सैल करणारे द्रव्य पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात. या पावाच्या काही जुन्या कृतींत लोण्याबरोबर डुकराची चरबीही सांगितलेली असते, तेव्हा परदेशी पुस्तकातील कृती डोळे मिटून उचलू नये. वरील कृतीत यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. पीठ सुधारण्याच्या पुड्यांत पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट असे. आपल्या देशात २०१६ साली त्यावर बंदी आली आहे. खुल्या बाजारातील नाव नसलेली पुडी म्हणूनच घेऊ नये.

हिशोब आणि कायदा

भाव ठरवताना शेजारच्या बेकरीकडे पाहून आकडा टाकणारे पुष्कळ आहेत. तसे करू नका. एका लादीचा मैदा, लोणी, अंडी, दूध, साखर, यीस्ट यांची त्या दिवसाच्या भावाने बेरीज करा. यात लोणी आणि अंडी यांचाच वाटा मोठा निघेल. त्यात विजेचा खर्च मिळवा. दोन हजार वॅटचा ओव्हन तापण्यासह चाळीस मिनिटे सतत चालला तरी सव्वा युनिटाच्या आसपास वीज जाते. तो मध्ये मध्ये बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. एका तापवणीत लागोपाठ दोन-तीन लाद्या भाजल्या तर तो खर्च आणखी उतरतो. मग पिशवी, पोहोचवणे आणि बिघडलेल्या मालाचा वाटा धरा. शेवटी आपली मजुरी. घरी काम करणाऱ्या बहिणी नेमके हेच विसरतात. पीठ फुगत असताना दुसरे काम होते, पण मळणे, गोळे, भाजणे आणि आवरणे यांत दीड-दोन तास हात गुंततातच. ते फुकट धरले तर धंदा चालतोय असे वाटते आणि महिन्याअखेर हाती काहीच राहत नाही. लोण्याऐवजी स्वस्त स्निग्ध पदार्थ वापरून भाव उतरवण्याचा मोह होईल. तसे केल्यास ते गिऱ्हाईकाला सांगा, कारण लोण्याचा म्हणून विकलेला माल लोण्याचाच असला पाहिजे.

घरातून विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू आहे. छोट्या धंद्यासाठी नोंदणीची रीत सोपी आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नोंदणी क्रमांक वेष्टनावर छापावा, तसेच जिन्नस आणि भाजल्याची तारीखही. या पावात अंडी आहेत, म्हणून कायद्याने तो मांसाहारी खुणेखाली येतो. शेजारपाजारी सर्व समाजाचे लोक असतात, त्यांना हे न विचारता आधीच सांगावे. विश्वास हेच अशा धंद्याचे भांडवल.

उस्तादांचे आता

आम्ही हा लेख लिहीत असताना उस्तादांच्या घरी आठवड्यातून तीन दिवस लाद्या निघतात. पीठ उस्ताद मळतात, वजन आणि हिशोब सुनबाई पाहतात. पहिली गिऱ्हाइके त्याच इमारतीतील होती. नंतर एका शाळेजवळच्या चहावाल्याने मस्का लावून विकण्यासाठी घेतले. रमजानमध्ये इफ्तारीसाठी कबाब भरून देण्याच्या लहान पावांची मागणी आली, तेव्हा साठ ग्रॅमचा गोळा चाळीसवर आणला. भट्टीवरच्या पगाराची बरोबरी यातून झालेली नाही, आणि होईल असे आम्ही कोणाला सांगणार नाही. घरखर्चाला हातभार लागतो, आणि तीस वर्षांची कला बसून राहत नाही, इतके मात्र नक्की.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी प्रथम एक लादी घरच्यांसाठी करावी. तिच्यातील चार पाव बांधून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडून पाहावेत. ते मऊ निघाले तरच बाहेर विकण्याचा विचार करावा. नाहीतर वर दिलेली बिघाडाची कारणे पुन्हा वाचून दुसरी लादी लावावी. आणि पहिल्या लादीपासून वही ठेवावी : तारीख, मैद्याची गिरणी, फुगायला लागलेला वेळ, ओव्हनची आच, निघालेला माल. उस्ताद लिहीत नाहीत, पण रोज सुनबाईला विचारतात, "काल किती वेळ लागला होता?"